पाणी, माती, बियाणे आणि गावाची नोंदवही

धाराशिव जिल्ह्यात पाऊस किती पडला, हे सरकारदरबारी महसूल मंडळाचे पर्जन्यमापक सांगते. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात आणि पंचनाम्यांची हालचाल सुरू होते. 'महावेध' प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, म्हणजे साधारण एका मंडळाला एक. पण मंडळात अनेक गावे असतात, आणि बालाघाटाच्या कडेने येणारा पाऊस असा की बैलाचे एक शिंग भिजते, दुसरे कोरडे राहते. केंद्र असलेल्या गावात रिमझिम आणि चार कोसांवरच्या शिवारात ओढे फुटलेले, असे झाले तर त्या शिवारातल्या माणसाजवळ दाखवायला काय असते? फुटलेला बांध असतो, खरवडून गेलेले रान असते. पावसाचा आकडा तेवढा नसतो.

सप्टेंबर 2025 मध्ये भूम आणि परंडा तालुक्यांत नद्यांनी गावे वेढली, तेव्हा माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. त्याच्या साडेनऊ वर्षे आधी, एप्रिल 2016 मध्ये, शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणले जात होते. एकाच टापूने दहा वर्षांच्या आत ही दोन्ही टोके पाहिली. या दहा वर्षांत आपल्या शिवारात कोणत्या नक्षत्रात किती पाऊस पडला, विहिरी कधी भरल्या, कधी आटल्या, कोणत्या रानातली माती गेली आणि कोणत्या रानातली टिकली, याची स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद किती गावांकडे आहे? फार थोड्या. ज्यांच्या अंगावर हे सारे येते त्यांच्याकडे आठवण असते, आणि ज्यांच्याकडे आकडे असतात ते दूर असतात. या दोहोंना एका वहीत आणणे हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढची प्रकरणे गावातल्या अभ्यासगटांसाठी लिहिली आहेत : शेतकरी, शेतमजूर, बचत गटातल्या बाया, मेंढपाळ, शाळेतले गुरुजी आणि नववी-दहावीची मुले. प्रश्न गावाने ठरवायचे, मोजमाप गावाने करायचे, अर्थ लावायला तज्ज्ञांना बोलवायचे आणि वही गावातच ठेवायची.

हे काही बाहेरून आणलेले नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी सरकारला सुचवले होते की पाणाड्यांकडून जमिनीतल्या पाण्याच्या जागा शोधून घ्याव्यात आणि त्या गावांच्या नकाशांवर नोंदवाव्यात. खेड्यातल्या माणसाच्या अंगची जाण सरकारी नकाशावर उतरली पाहिजे, हा विचार इतका जुना आहे. पुढे नकाशे झाले, खाती झाली. 1972 च्या दुष्काळाच्या वर्षीच राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते, आणि ती नोंद मोलाची आहे. पण निरीक्षण विहीर प्रत्येक गावात नसते. शिवाय आकडा घेऊन माणूस निघून जातो, ज्याच्या बांधावर ती विहीर आहे त्याला तो आकडा क्वचितच परत कळतो.

जिल्ह्यातच आणखी एक दाखला आहे, थोडा वेगळ्या क्षेत्रातला. तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमशी व्यापार करणारे हे नगर इथल्या काळ्या मातीखाली होते, ते ओळखण्यात एका स्थानिक माणसाचा मोठा हात आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या शिवारात आणि पांढरीत सापडणारी खापरे, मणी, नाणी, मूर्ती वर्षानुवर्षे गोळा केली, जपली, आणि अखेर तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. पुरातत्त्वज्ञ आले, त्यांनी काळ ठरवला, शास्त्रीय भाषा दिली. पण नांगराच्या फाळाला लागलेले खापर महत्त्वाचे आहे, हे आधी ओळखणारा माणूस गावातला होता. पर्यावरणाच्या अभ्यासालाही असेच डोळे लागतात.

तिसरा दाखला दुःखाचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच गेली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि माळवदावरचा मातीचा जाड थर माणसांच्या अंगावर आला. पण पाहणाऱ्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. जिथे लाकडी खांब-तुळयांचे खण शाबूत आणि नीट जोडलेले होते, तिथे भिंती ढासळल्या तरी माळवद खांबांवर उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. जुन्या सुताराची जाण आणि जुन्या गवंड्याची चूक एकाच घरात होती. पुनर्वसनाच्या कामात अभियंत्यांनी ही दोन्ही तपासली. भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड, कोपऱ्यांची बांधणी, माळवदावरचा मातीचा भार कमी करणे अशा सुधारणा गावोगावच्या गवंड्यांना शिकवल्या गेल्या. परंपरेकडे कसे पाहावे, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यासमोर नाही. तिला देव्हाऱ्यात ठेवायचे कारण नाही आणि उकिरड्यावर टाकायचेही नाही. तिचा कोणता भाग भार पेलतो आणि कोणता अंगावर येतो, हे पाहायचे.

या पुनर्वसनात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. घराची दुरुस्ती कशी होते, अनुदान किती, सिमेंट कुठून, या गोष्टी त्या घरोघर जाऊन समजावून सांगत आणि घरांची माहिती गोळा करत. प्रेमा गोपालन यांनी उभारलेली ही संस्था पुढे याच बायांसोबत शेतीकडे वळली. कुटुंबाच्या रानातला अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात यावा, तिथे काय पेरायचे ते तिने ठरवावे, बाजाराच्या पिकाआधी घरातल्या ताटाचे पीक घ्यावे, असा हा 'एक एकर'चा मार्ग. कडधान्ये, भाजीपाला, ज्वारी-बाजरी, घरचे खत, घरचे बियाणे. 2016 मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्काराहून मला महत्त्वाचा वाटतो तो या एक एकराचा गुण : तो एक प्रयोगाचा वाफा आहे. शेजारीच नवऱ्याचे सोयाबीन असते. एकाच पावसात, एकाच मातीत दोन पद्धती डोळ्यांसमोर उभ्या राहतात. दोन्हीकडचा खर्च, उतारा आणि पावसाच्या खंडात कोण किती दिवस तगले, हे लिहून ठेवले की त्यातून उभे राहते ते संशोधनच असते, मग त्याला विद्यापीठाचा शिक्का असो वा नसो.

आता विहिरीकडे येऊ, कारण या जिल्ह्यात सगळे प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतात.

एखादी जुनी, न बांधलेली विहीर मे महिन्यात आत वाकून नीट पाहा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे भोके-भोके असलेला, कुठे कुठे पांढऱ्या खनिजांनी भरलेला दगड. कधी हातभर लाल गेरूचा पट्टा. आणि खाली काळा कातळ, ज्यात सुरुंगाशिवाय पहार चालत नाही. विहीर खणणाऱ्या वडार समाजातल्या माणसांना हे थर हाताने माहीत आहेत. पहारीचा आवाज बदलला की पुढे काय लागणार, हे ते सांगतात. मांजऱ्यात पाझर लागतो, गेरूत सहसा लागत नाही, कातळात फट सापडली तर नशीब, हे त्यांचे ज्ञान. भूशास्त्र याच भिंतीचे कारण सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. प्रत्येक थर थंड होताना वरच्या भागातून वायू सुटले आणि तिथे भोके राहिली, मधला भाग घट्ट झाला. दोन थरांच्या मधल्या काळात झिजलेला, भाजलेला पृष्ठभाग म्हणजे गेरू. पाणी भोकांच्या आणि भेगांच्या पट्ट्यात साठते. त्या पट्ट्याला जलधर म्हणतात, आणि तो कुणाच्या सातबाऱ्यावर संपत नाही.

इथे दोन्ही ज्ञाने एकमेकांना पूरक ठरतात. वडाराला एकेका विहिरीतला थर माहीत असतो, पण शिवारभर तो थर कसा पसरला आहे याचे चित्र त्याच्याकडे नसते. भूशास्त्रज्ञाला थरांची रचना माहीत असते, पण तुमच्या गावात मांजऱ्या किती हातांवर लागला हे त्याला शंभर विहिरी पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून या पुस्तकात पहिला अभ्यास विहिरींचा ठेवला आहे. गावाच्या नकाशावर सगळ्या विहिरी आणि बोअर मांडायचे. प्रत्येकीचे थर खणणाऱ्याला किंवा मालकाला विचारून लिहायचे. पाण्याची पातळी अमावस्या आणि पौर्णिमेला मोजायची, म्हणजे पंधरवड्याला एक नोंद होते आणि तिथी कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. मोजायला टोकाला वजन बांधलेला टेप पुरतो. अटल भूजल योजनेतल्या गावांना पातळी मोजायची उपकरणे आणि पर्जन्यमापके मिळाली आहेत. ती ग्रामपंचायतीच्या कपाटात असतील तर बाहेर काढा. एक-दोन हंगामांत दिसू लागते की कोणत्या विहिरी एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात. एकाच थरावरच्या विहिरी ओळखल्या, की शेजाऱ्याच्या बोअरने आपली विहीर का बसली याचे भांडण भावकीतून उठून भूशास्त्रात जाते, आणि तिथे ते सुटण्याची शक्यता जास्त असते. पुण्यातल्या 'ॲक्वाडॅम' संस्थेने गावकऱ्यांबरोबर भूजलाचे असे काम अनेक वर्षे केले आहे. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आणली, तरी गावाने स्वतः मोजल्याशिवाय तो कायदा शिवारात उतरत नाही. हिवरे बाजारने आधी शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवली, ती याच पायावर.

ताळेबंदाचे गणित कठीण नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारावर 600 मिलिमीटर पडला तर 600 कोटी लिटर. आपल्या काळ्या पाषाणात त्यातले मुरणारे पाणी साधारण दहा टक्क्यांच्या आगेमागे धरतात. सविस्तर रीत पुढे त्याच्या प्रकरणात आहे.

पाणाड्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. नारळ किंवा वाय आकाराची फांदी हातात धरून जमिनीतले पाणी सांगता येते, याला शास्त्रीय चाचण्यांत आधार मिळालेला नाही. पण चांगल्या पाणाड्याला झाडे, उतार, ओढ्याचे वळण, वारुळे, शेजारच्या विहिरी यांची जी जाण असते ती खोटी ठरवण्याचे कारण नाही. गावाने दोन याद्या कराव्यात : पाणाड्याने सांगून घेतलेले बोअर आणि सर्वेक्षण करून घेतलेले बोअर. पाणी किती लागले, किती महिने टिकले, लिहावे. कर्ज काढून घेतलेले आणि कोरडे गेलेले बोअर दोन्ही याद्यांत सापडतील. पाच वर्षांची यादी समोर असेल, तर पुढचा माणूस पैसे खर्च करण्याआधी ती वाचेल. जोतीरावांची सूचना पुरी करण्याचा हा मार्ग मला दिसतो : खूण नकाशावर करायची, आणि खूण खरी ठरली का तेही लिहायचे.

मातीचेही असेच. मृगात पाऊस पडला की म्हातारा शेतकरी रानात अनवाणी जातो, चार बोटे खालची माती मुठीत दाबतो आणि मूठ उघडतो. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला, तर वाफसा आला. चिकटला, तर अजून थांबायचे. झालाच नाही, तर पेरायचे नाही. कृषी विभाग सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. दोन्ही सल्ले खरे आहेत, पण मुरमाड रानात 80 मिलिमीटर आणि भारी काळ्या रानात 80 मिलिमीटर ही एकच गोष्ट नाही. यावर एक साधा अभ्यास आहे. ज्या दिवशी म्हातारा वाफसा आला म्हणतो, त्या दिवशी त्या रानातली 100 ग्रॅम माती डबीत घ्यायची, वजन करायचे, तालुक्याच्या शेतकी शाळेत किंवा महाविद्यालयात 105 अंशांवर चोवीस तास वाळवायची आणि पुन्हा वजन करायचे. जेवढे घटले तेवढा ओलावा. हलके, मध्यम आणि भारी रान, तिन्हींचे असे आकडे दोन हंगाम जमले की मुठीला आकडा मिळतो आणि आकड्याला रान मिळते. नातवाला आजोबांची मूठ शिकता आली नाही, तरी त्यांचा निर्णय वहीत राहतो.

पावसाची नोंद तारखेबरोबर नक्षत्रानेही करावी, असा आमचा आग्रह आहे. नक्षत्रे सूर्यावर चालतात, म्हणून मृग दरवर्षी 7-8 जूनला लागते आणि पुढची नक्षत्रेही जवळपास त्याच तारखांना येतात. आजीची आठवण 'त्या साली तरणा पाऊस कोरडा गेला आणि म्हाताऱ्यात पेरलं' अशी असते, म्हणजे पुनर्वसू कोरडे आणि पुष्यात पेरणी. ही आठवण तारखांत बदलता येते आणि तहसीलच्या जुन्या पर्जन्य नोंदींशी ताडून पाहता येते. म्हाताऱ्या माणसांकडून दुष्काळांची आणि पेरणीची अशी कहाणी लिहून घेणे हे मुलांसाठी उत्तम काम आहे, आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. 1972 चा दुष्काळ कर्त्या वयात पाहिलेली माणसे आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली. पंचांगातल्या वाहनांची भाकितेही लिहावीत. बेडूक, हत्ती, म्हैस वाहन असताना खरोखर पाऊस झाला का, दहा वर्षे पाहावे, आणि जे दिसेल ते ग्रामसभेत सांगावे.

बियाण्याचे प्रकरण वाचताना घरातल्या बायांना शेजारी बसवा. मालदांडीची कोणती कणसे बियाण्याला ठेवायची, राखेत काय ठेवायचे, लिंबाचा पाला कशात घालायचा, हे त्यांनाच ठाऊक असते. त्याच्या जोडीला गोणपाटावरची उगवण चाचणी आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर मांडून गुंडाळायचे आणि आठवड्याने मोड मोजायचे. सत्तर उगवले तर शिफारशीइतके बियाणे वापरायचे, कमी उगवले तर त्या मानाने वाढवायचे. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात विकतचे सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला होता. ज्यांनी घरचे बियाणे राखले आणि चाचणी करून पेरले, त्यांना कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचा जो साठा जपला, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामागे हीच घरातली जाण आणि तिला मिळालेली शास्त्राची साथ होती.

इथवर 'गावाचे ज्ञान' असा शब्द सहज वापरला. तो वापरताना एक गोष्ट लपू नये. गावाचे ज्ञान कधीच सगळ्या गावाचे नव्हते. दगडाची जाण वडाराकडे, गवताची आणि गायरानाची धनगराकडे, पाखरांची आणि सशा-हरणांच्या वाटांची पारध्याकडे, बियाण्याची बायांकडे, आणि निर्णय मात्र विहीर-बागायतीच्या मालकाकडे. उस्मानाबादी शेळीचे नाव देशभर घेतात. काटक, दुष्काळात तगणारी, बहुधा जुळी देणारी ही जात भूमिहीन आणि अल्पभूधारकांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडली. त्या निवडीचे श्रेय त्यांना कोणत्या कागदावर मिळाले? पारधी समाजाला तर इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार ठरवले, आणि स्वातंत्र्यानंतरही गावकुसाबाहेरच ठेवले. अभ्यासगटात फक्त बागायतदार आणि त्यांची मुले बसली, तर मोजल्या जाणाऱ्या विहिरी त्यांच्याच असतील आणि ताळेबंदही त्यांच्याच उसाचा होईल. म्हणून गट निवडताना ज्याच्याकडे जमीन नाही पण जाण आहे, त्याला आधी बोलवा. तो दिवसभर अभ्यासासाठी आला तर त्याची मजुरी बुडते. ती द्या. तज्ज्ञाला मानधन आणि जाणकाराला चहा, ही रीत या कामात चालणार नाही.

महाराष्ट्रात हे नीट झाल्याची उदाहरणे आहेत. अकोला-वाशिम भागात 'संवेदना' संस्थेबरोबर फासेपारधी समाजाने माळराने राखण्याचे आणि तणमोराचा माग ठेवण्याचे काम केले. एकेकाळी फासात पाखरे धरणारा हात आता त्यांच्या नोंदी करू लागला. भंडारा-गोंदियातल्या ढिवर समाजाने मनीष राजनकर यांच्या साथीने मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या देशी माशांचा आणि पाणवनस्पतींचा अभ्यास केला. कोणते गवत कोणत्या माशाला लागते हे ढिवरांना ठाऊक होते. त्या आधारावर बेशरम काढून पाणवनस्पती पुन्हा लावल्या गेल्या आणि तलाव सावरले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेपासून वेगळा अभ्यासगट ठेवला, जिथे ठराव करायचा नसतो, नुसते समजून घ्यायचे असते. त्या सवयीच्या बळावर 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते. आपल्याकडे मेंढ्यासारखे जंगल नाही. पण गायराने आहेत, माळ आहेत, येडशी-रामलिंगचा घाट आहे, आणि पवन्या, मारवेल, कुसळ ही गवते ओळखणारी माणसे अजून आहेत. कॅनडात कोळसा आणि मासेमारीच्या एका बेटावर मिकमॉ समाजाचे वडीलधारे अल्बर्ट मार्शल यांनी 2004 च्या सुमारास हाच आग्रह मांडला : एका डोळ्याने आपल्या लोकांच्या ज्ञानातले बळ पाहा, दुसऱ्याने पाश्चात्त्य शास्त्रातले, आणि दोन्ही डोळे एकत्र वापरा. तिथल्या विद्यापीठातल्या एका शिक्षणक्रमाने तेच सूत्र धरले. धाराशिवला दुसरा डोळा म्हणून जवळची कृषी महाविद्यालये आहेत, भूजल यंत्रणेचे जिल्हा कार्यालय आहे, परभणीचे कृषी विद्यापीठ आहे.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षिली. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात ही कल्पना गावांबरोबर बसून रुजवली होती. नंतर हरित न्यायाधिकरणाने मुदत घातली, जानेवारी 2020 ची, आणि ती गाठण्याच्या घाईत अनेक ठिकाणी वह्या तालुक्याच्या गावी बसून भरल्या गेल्या. आपल्या ग्रामपंचायतीत ती वही मागा. तिच्यात तुमच्या गावच्या ओढ्याचे नाव तरी आहे का, पाहा. नसेल तर ती नव्याने लिहिण्याचा हक्क तुमच्या समितीला आहे, आणि या पुस्तकातल्या नोंदी थेट तिच्यात जाऊ शकतात.

एक इशारा देऊन थांबतो. तुमची वही चांगली झाली, की ती मागायला माणसे येतील : विद्यार्थी, संस्था, कंपन्या. द्यायला हरकत नाही. पण ग्रामसभेच्या ठरावाने द्या, कशासाठी हवी ते लेखी घ्या, आणि त्यांचा निष्कर्ष मराठीत गावात येऊन सांगण्याची अट घाला. औषधी वनस्पती आणि देशी बियाण्यांच्या नोंदींना ही अट दुप्पट लागू आहे. मूळ वही गावाबाहेर जाऊ देऊ नका, नक्कल द्या. आणि न पटणारी नोंद खोडू नका. ज्या वर्षी जाणत्याचा अंदाज चुकला, ज्या वर्षी यंत्र बिघडले, त्या वर्षांची पानेही तितकीच कामाची असतात.

मृग लागण्याआधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, गावातल्या दहा विहिरी निवडा. त्यांतली एक वस्तीवरची, एक गावठाणातली आणि एक अशी असू द्या की जिचा मालक गटात नाही. पाण्याची पातळी मोजा. वहीत तारीख, नक्षत्र, पातळी आणि मोजणाऱ्याचे नाव लिहा. पर्जन्यमापक शाळेच्या मोकळ्या आवारात, झाडा-भिंतीपासून दूर बसवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा, कारण सरकारी वेळही तीच आहे. पहिल्या वर्षाची नोंद पुरी झाली की तिची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक शाळेला आणि एक तहसील कार्यालयाला पोच घेऊन द्या.